खोर विरापचा दुसरा खड्डा

मी चुकीच्या खड्ड्यात उतरलो होतो. हे मला कळलं तेव्हा बस आरारतची सपाटी मागे टाकून येरेवानच्या रस्त्याला लागली होती आणि पुढच्या सीटवरून चिवड्याचा डबा मागे यायला निघाला होता.

माझ्या मागच्या सीटवर वसईच्या टीचर बसल्या होत्या. वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, त्यामुळे दोन दिवसांतच अख्खी बस त्यांना टीचर म्हणू लागली होती. हाताला लागलेला गंज त्या ओल्या कागदाने पुसत होत्या आणि माझ्या बायकोला सांगत होत्या, "पायऱ्या मोजायच्या ठरवल्या होत्या हो, पण निम्म्यावर गेले आणि भीतीने आकडाच विसरले."

मी मान वळवली. माझ्या शिडीवर पायऱ्या मोजण्याइतकं काही नव्हतं.

"कुठली शिडी म्हणता?"

"अहो सर, वेदीच्या उजव्या हाताला ते भोक होतं ना, तिथली."

"मी तर दाराजवळच्या खड्ड्यात उतरलो."

टीचर क्षणभर गप्प झाल्या. मग वर्गात चुकलेल्या पोराकडे बघतात तसं बघून म्हणाल्या, "तो नव्हे हो. ग्रेगरी होते ते पलीकडच्या खड्ड्यात. तो दुसरा कशाचा आहे, देव जाणे."

डबा माझ्यापर्यंत आला तोवर ही बातमी त्याच्या आधी सगळ्या बसभर फिरून आली होती.

गंमत अशी की, या सहलीत त्या खड्ड्याचीच सगळ्यात जास्त वाट मी पाहत होतो. 'जगातल्या पहिल्या ख्रिस्ती देशाची सहल' असं माहितीपत्रकावर छापलं होतं. सहा दिवस, बावीस माणसं, पुणे-नाशिक-ठाण्याची. शारजाला विमान बदलून आर्मेनिया. आमच्यापैकी वीसजणांना येशूचा जन्म कुठे झाला याच्या पलीकडे फारसं ठाऊक नव्हतं. युरोप झालेला, बाली झालेलं, आता 'काहीतरी वेगळं' हवं, म्हणून आलेली मंडळी. टीचर आणि त्यांचे मिस्टर तेवढे कॅथलिक. पहिल्याच दिवशी नाशिकच्या एका काकूंनी त्यांना कौतुकाने विचारलं, "म्हणजे हे तुमचंच सगळं!" टीचर हसल्या. "आमचं कुठलं? वसईत पोर्तुगीज आले 1534 साली. हे लोक तेव्हा बाराशे वर्षांचे जुने ख्रिस्ती होते. आणि हे पोपला मानत नाहीत, बरं का. यांचं सगळं निराळं."

ते निराळेपण गाइडने आम्हाला दुपारच्या उन्हात दहा मिनिटांत समजावायचा प्रयत्न केला. 451 साली खाल्सेदोनला धर्मसभा भरली, ख्रिस्ताच्या स्वरूपाबद्दल तिथे जे ठरलं ते आर्मेनियन लोकांनी पुढे मान्य केलं नाही, आणि तेव्हापासून त्यांची चूल वेगळी. इजिप्तचे कॉप्टिक, इथिओपियाचे, सीरियाचे आणि आपल्या केरळातले मलंकरा ऑर्थोडॉक्स असे काही भाऊबंद त्यांच्याबरोबर राहिले. पंधराशे वर्षांपूर्वी वेगळी मांडलेली चूल आजही तशीच पेटती आहे, याचं आमच्या भावकीत वाढलेल्या मंडळींना मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

खोर विरापची गोष्ट मात्र सगळ्यांना एका दमात कळली, कारण ती गोष्ट आहे. राजा त्रदात. त्याच्या बापाचा खून ज्याने केला, त्याचा मुलगा ग्रेगरी. हा ग्रेगरी ख्रिस्ती होऊन त्याच राजाच्या चाकरीत येतो, राजा देवीला हार वाहायला सांगतो, हा नकार देतो. मग छळ, आणि शेवटी खोल खड्ड्यात ढकलून देणं. खोर विराप या शब्दांचा अर्थच खोल खड्डा. साप, विंचू, अंधार. तेरा वर्षं. कुणी एक बाई रोज वरून एक भाकरी टाकत असे, म्हणून तो जगला. मधल्या काळात रोमहून पळून आलेल्या काही ख्रिस्ती कुमारिकांना राजाने ठार केलं. त्यांच्यातल्या ह्रिप्सिमेवर त्याची नजर होती आणि ती वश झाली नाही. त्या पापाने राजाला वेड लागलं, तो रानडुकरासारखा वागू लागला. राजाच्या बहिणीला स्वप्न पडलं, की याच्यावर औषध एकच, खड्ड्यातला माणूस बाहेर काढा. माणूस बाहेर आला, राजा बरा झाला, राज्य ख्रिस्ती झालं. परंपरेने याचं साल 301 सांगतात. काही अभ्यासक 314 कडे झुकतात. दोन्हींपैकी कुठलंही घ्या, रोमच्या सम्राटाने ख्रिस्ती धर्म आपल्या साम्राज्याचा धर्म केला त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

गाइडने गोष्ट संपवल्यावर टीचर म्हणाल्या, "त्या भाकरी टाकणाऱ्या बाईचं नाव काय?"

गाइड म्हणाली, तिला नुसती विधवा म्हणतात.

"तेच म्हटलं," टीचर म्हणाल्या.

आता मी चुकलो कसा ते सांगतो. मी बांधकाम खात्यातला माणूस. कुठल्याही जुन्या इमारतीत शिरलो की माझी मान आपोआप वर जाते. छत कशावर तोललंय, भिंतीचा कोपरा कसा बांधलाय, तडे कुठून कुठे गेलेत. बायको म्हणते, देवळातसुद्धा हे देवाच्या आधी तुळई बघतात. खोर विरापच्या त्या बुटक्या प्रार्थनाघरात शिरलो, वर पाहिलं, कमान पाहिली, मनाशी म्हटलं हे काही तिसऱ्या शतकातलं नव्हे. आणि खरंच नव्हतं. या जागेवर पहिलं प्रार्थनाघर 642 साली बांधलं गेलं, आणि शेजारचं मोठं चर्च 1662 सालचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळातलं. हा हिशेब डोक्यात चालू असताना दाराशी एक भोक दिसलं, शिडी दिसली, रांगेत चारच माणसं. उतरलो. खाली अंधारी, घुसमटीची, छोटीशी जागा. 'हं, एवढाच,' असं म्हणून वर आलो, बाहेर जाऊन आरारत पर्वताचे फोटो काढले. कबुतरं विकणाऱ्या माणसाला नको म्हटलं; पैसे देऊन ती उडवायची, आणि ती घिरटी मारून त्याच्याच खुराड्यात परत जातात. टूर मॅनेजरने दिलेली चाळीस मिनिटं संपली.

खरा खड्डा पुढे होता, वेदीच्या उजवीकडे. सहा मीटर खोल, तळाशी साडेचार मीटरच्या आसपास रुंद. टीचर साडीची निरी वर खोचून त्यात उतरल्या. त्यांचे मिस्टर वरून वाकून "सावकाश गो, सावकाश" म्हणत राहिले.

त्या रात्री येरेवानच्या हॉटेलात मला झोप लागेना. नुसतं फजितीचं वाईट वाटत नव्हतं. वरच्या बाजूला जे जे मी इतक्या बारकाईने पाहिलं होतं, ते सगळं पुन्हा बांधलेलं होतं. प्रार्थनाघर पडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा पडलं, पुन्हा बांधलं. हा भूकंपाचा देश आहे. इथे काही जुनं उभं असेल तर ते कुणीतरी पुन्हा उभं केलेलं असतं. खड्डा तेवढा पुन्हा बांधावा लागत नाही. खड्डा बुजू शकतो, पडू शकत नाही. या सहलीत तिसऱ्या शतकाच्या सगळ्यात जवळची वस्तू जी होती, तिच्यापासून मी दहा पावलांवर उभा राहून छत बघत होतो.

दुसऱ्या दिवशीपासून मग मी खाली बघायला लागलो.

आणि खाली सगळीकडे काहीतरी होतंच. एचमियादझिनचं मुख्य चर्च म्हणजे आर्मेनियन लोकांचं पंढरपूर म्हणा, पीठ म्हणा. बरीच वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, सप्टेंबर 2024मध्ये पुन्हा खुलं झालं. ग्रेगरीने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला पाया घातला असं मानतात. आज दिसतो तो आराखडा 483-84 च्या पुनर्बांधणीचा. आतून सगळं नव्याने झळझळीत, रंगवलेलं, आमच्या मंडळींचे मोबाइल वर. पण 1950च्या दशकात इथे खोदकाम झालं तेव्हा मुख्य वेदीच्या खाली आणखी जुनी एक वेदी सापडली, आणि ती अग्निपूजकांची असावी असं उत्खनन करणाऱ्यांचं मत पडलं. जुन्या देवाच्या डोक्यावर नवा देव बसवलेला. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

इथेच बायकोने या सहलीतला सगळ्यात मोलाचा शोध लावला. आर्मेनियन चर्चमध्ये एक पवित्र तेल असतं, त्याला ते म्यूरॉन म्हणतात. बाप्तिस्म्याला लागतं. दर सात वर्षांनी ते नव्याने करतात, चाळीसहून अधिक वनस्पती आणि फुलं घालून, आणि नव्या तेलात जुन्यातलं थोडं ओततात. त्यामुळे आजच्या तेलात ग्रेगरीच्या तेलाचा अंश आहे, अशी त्यांची श्रद्धा. गाइड हे मोठ्या गांभीर्याने सांगत होती. बायको हळूच म्हणाली, "म्हणजे विरजण." मागून टीचर म्हणाल्या, "आम्ही तर मुरवणच म्हणतो." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यानंतर म्यूरॉन हा शब्द आमच्या बसमध्ये कुणी विसरलं नाही.

ह्रिप्सिमेचं चर्च तिथून हाकेच्या अंतरावर आहे. ते पाहिलं आणि माझा वर बघण्याचा रोग उलटला. त्याला इलाज नव्हता. 618 साली बांधलेलं. ठेंगणं, रुंद, चारी बाजूंना खांदे दिल्यासारखं. मध्ये घुमट, त्याला चार दिशांनी पेलणारे चार अर्धगोल, आणि कोपऱ्यांतल्या चार छोट्या खोल्या पुन्हा त्यांना आवळून धरतात. बाहेरून भिंतींत उभे खोल त्रिकोणी कोनाडे घेतलेत. जिथे वजन नको तिथून दगड काढून टाकलेला. चौदाशे वर्षं हे उभं आहे. आणि तिथून थोड्या अंतरावर झ्वार्तनोत्स. हे चर्च 643 ते 652च्या दरम्यान बांधलं, गोल आराखड्याचं, तीन मजल्यांचं, अंदाजे पंचेचाळीस मीटर उंच. तीनशे वर्षं टिकलं आणि दहाव्या शतकात कोसळलं, बहुधा भूकंपाने. आज तिथे खांबांचं एक वर्तुळ, गरुड कोरलेली खांबांची डोकी आणि मागे आरारत, एवढंच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोरोस तोरामान्यान नावाच्या वास्तुतज्ज्ञाने या ढिगाऱ्यातला दगड न् दगड मोजून हे तीन मजली होतं असं कागदावर मांडलं. पुष्कळांनी ते मानलं नाही. मग आनी या जुन्या राजधानीत झ्वार्तनोत्सची नक्कल म्हणून बांधलेल्या चर्चच्या उत्खननात राजाचा पुतळा सापडला, त्याच्या हातात त्या चर्चची दगडी प्रतिकृती, आणि ती तीन मजली. तोरामान्यानला केवढा आनंद झाला असेल! हयातभर इस्टिमेट कापलं गेलेल्या माणसालाच तो समजेल.

झ्वार्तनोत्सच्या ढिगाऱ्यात मी एक फुटका दगड शोधत होतो, कारण भिंत पडली की तिचं पोट दिसतं. आर्मेनियन भिंतीचं पोट पाहण्यासारखं आहे. बाहेरून आणि आतून तासलेल्या टफ दगडाच्या पातळ लाद्या, आणि मध्ये चुना आणि दगडाचे तुकडे यांची ओतलेली भर. ती थिजून दोन्ही बाजूंच्या दगडांना घट्ट धरते. भिंत एकसंध होते. टफ म्हणजे ज्वालामुखीचीच राख दाबून झालेला दगड, हलका, गुलाबी-पिवळा-तपकिरी, करवतीने कापता येण्यासारखा. आपला काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण तो थिजलेला लाव्हा. जड, टणक, घडवायला जिवावर येणारा.

आणि घडवायला जिवावर येतं, म्हणून आपण तो तसाच रचतो. मी नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती तेव्हा 30 सप्टेंबर 1993 उजाडला. गणपती विसर्जनाची रात्र होती. दमूनभागून झोपलेली गावं. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या त्या दिवसांत मी तिथे होतो. दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, पण दगड अनगड, मधे मातीचा चिखल, आणि भिंतीची दोन तोंडं एकमेकांना बांधणारा लांब दगड, आमच्या भाषेतला थ्रू स्टोन, कुठेच नाही. वर मातीचं माळवद. भिंतीची आतली बाजू आत पडली, बाहेरची बाहेर, आणि माळवद सरळ खाली. उंच इमारत एकही नव्हती तिथे. जाडी बघून आम्हाला भिंती मजबूत वाटायच्या. तेव्हापासून मी भिंतीच्या जाडीवर विश्वास ठेवत नाही, तिच्या पोटात काय आहे ते विचारतो.

हे मी गाइडला सांगितलं. म्हणजे सांगायला लागलो आणि अर्ध्यावर थांबलो, कारण इंग्रजीत 'माळवद' कसं सांगायचं कळेना. ती तिशीपलीकडची मुलगी, चार दिवस आम्हाला न थकता सालं आणि राजे सांगत होती. म्हणाली, "आमचा भूकंप 7 डिसेंबर 1988." पंचवीस हजार माणसं गेली. शाळा भरलेल्या होत्या. सोव्हिएत काळात भराभर उभारलेल्या नऊ मजली इमारती पत्त्यासारख्या पडल्या. तिचे आईवडील ग्युमरीचे. ती पुढच्या वर्षी जन्मली आणि दहा वर्षांची होईपर्यंत लोखंडी डब्यात वाढली. तशा डब्यांना तिथे डोमिक म्हणतात, म्हणजे घरकुल. "हिवाळ्यात भिंतीला हात लागला की चिकटायचा," ती म्हणाली. किल्लारीला आम्ही पत्र्याच्या शेड उभारल्या होत्या. तिथे उन्हाळ्यात हात चिकटायचा. हे मी तिला सांगितलं, आणि दोघंही पुढे काही न बोलता बसकडे चालू लागलो.

बसमध्ये बसताना तिने विचारलं, "मुंबईतलं आमचं चर्च पाहिलंय का?" नव्हतं पाहिलं. फोर्टात, पूर्वीच्या मेडोज स्ट्रीटवर, 1796 साली तिथल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांनी बांधलेलं सेंट पीटरचं चर्च आहे. त्या रस्त्याने मी कामासाठी किती वेळा गेलो असेन! तिथे अर्थातच मी वरच्या इमारती बघत गेलो असणार.

मधल्या दिवसांचं फार सांगत नाही. सेवान सरोवर सुंदर आहे, पण सहलीतली सरोवरं सुंदर असतातच. तातेवला जगातल्या सगळ्यात लांब रोपवेंपैकी एक आहे, पावणेसहा किलोमीटरचा, आणि आमच्या निम्म्या मंडळींना मठापेक्षा तोच जास्त आवडला. मला तिथला अष्टकोनी दगडी स्तंभ आवडला: दहाव्या शतकातला, जमीन जराशी हलली तरी डुलेल अशा बेताने उभा केलेला. भूकंपाचा दगडी इशारा. आता तो डुलत नाही. नोरातुसच्या कब्रस्तानात शेकडो खाचकार उभे आहेत, खाचकार म्हणजे क्रूस कोरलेली उभी शिळा. लांबून मला ते वीरगळच वाटले; गावाच्या वेशीवर शेंदूर फासून उभे असतात तसे. जवळ गेल्यावर फरक कळला. वीरगळात खालून वर गोष्ट चढते, लढाई, मरण, कैलास. खाचकारात गोष्टच नाही, माणूसही बहुधा नाही. क्रूस आहे, आणि त्याच्या पायाशी पानं फुटलेली. खालून, बीमधून रुजून वर आलेलं झाड असावं, तसा क्रूस. लोक सांगतात, तैमूरचं सैन्य चाल करून आलं तेव्हा गावकऱ्यांनी या शिळांना शिरस्त्राणं घातली, तलवारी टेकवल्या, आणि लांबून सैन्य उभं आहे असं वाटून तो परत फिरला. खरं असो नसो, नाशिकच्या काकूंना ती गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती रात्री घरी फोन करून सांगितली.

गेगार्दला मात्र दीड तास मिळाला आणि तो मी कुणालाही वाटून दिला नाही.

दरीच्या टोकाला कड्याच्या पोटात कोरलेला मठ. पूर्वी त्याचं नाव आयरिवांक, गुहांचा मठ. पुढे ख्रिस्ताच्या बरगडीत खुपसलेला मानतात तो भाला इथे ठेवला होता म्हणून गेगार्द, म्हणजे भाला. तो आता एचमियादझिनच्या संग्रहालयात आहे. बाहेरचं बांधलेलं चर्च 1215चं. त्यातून डावीकडे वळलं की बांधकाम संपतं आणि खोदकाम सुरू होतं. पहिल्या दालनात एक झरा आहे. कड्यातून पाझरतो, फरशीतल्या पन्हळीतून वाहत जातो. लोक ओंजळीने पितात, तोंडाला लावतात, बाटल्या भरून नेतात. ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून लोक याच पाण्याला येत असत, असं मानतात. धर्म बदलला, बाटल्या बदलल्या. बाहेर झाडांना चिंध्या बांधलेल्या. दरडीच्या कपारीत खडे फेकून नवस बोलायचा, खडा अडकला की काम झालं. टूर मॅनेजरने सहा खडे फेकले, एकही अडकला नाही.

झऱ्याच्या दालनात छताला गोल भोक आहे. त्यातून उजेडाचा एक खांब खाली उतरतो, आणि त्या उजेडात कारागिराचं नाव कोरलेलं आहे, गाल्दझाक. 1240च्या दशकातलं काम. असं सांगतात, की ही दालनं वरून खाली कोरली. आधी डोंगराच्या माथ्यावरून ते भोक पाडलं, मग माणसं आत उतरली आणि छतापासून सुरुवात करून जमिनीकडे आली. आमच्यातल्या दोघातिघांच्या तोंडून एकदमच निघालं, "वेरूळ!" कैलास लेणं असंच कळसापासून जोत्याकडे उतरलेलं, पाचशे वर्षं आधी. पण कैलासमध्ये आकाश उघडं राहतं. इथे आकाशाचं एवढंसं भोक ठेवलंय. खांब, कमानी, घुमट, सगळं बांधल्यासारखं कोरलेलं. एकाही कमानीवर एका किलोचाही भार नाही, डोंगरच सगळं पेलतोय. इंजिनिअरच्या दृष्टीने ही शुद्ध उधळपट्टी आहे. मी भिंतीला हात लावून किती वेळ उभा होतो कोण जाणे.

वरच्या मजल्यावर 1288 सालचं एक दालन आहे, सरदारांच्या थडग्यांचं. तिथे पाचजणींचा एक चमू आला आणि गाऊ लागला. कुणी माइक लावला नव्हता. एक सूर थांबला तरी तो भिंतीतून पुढे चालू राहायचा आणि दुसरी त्याच्यावर आपला सूर ठेवायची. आमची बस, जी सिंहगडावरसुद्धा गप्प बसणारी नाही, ती गप्प झाली. गाणं संपल्यावर टीचर पुढे झाल्या, त्या मुलींना काहीतरी बोलल्या, आणि मग आम्हाला कुणालाच अपेक्षा नसताना वसईच्या चर्चमध्ये म्हणतात तसं एक मराठी भजन त्यांनी म्हटलं. आवाज थकलेला, वरच्या पट्टीत फाटणारा. दालनाने तोही धरून ठेवला. आर्मेनियन मुलींनी टाळ्या नाही वाजवल्या. छातीवर हात ठेवले.

जेवायला गार्नीला गेलो. गार्नीचं देऊळ ख्रिस्ती धर्माआधीच्या धर्माचं, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. 1679च्या भूकंपात पडलं आणि 1969 ते 75च्या दरम्यान जुने दगड गोळा करून पुन्हा उभारलं. नवे घातलेले दगड मुद्दाम साधे ठेवलेत, नवे म्हणून ओळखू यावेत एवढ्यासाठी. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. जेवणाच्या घराच्या अंगणात जमिनीत तोंडापर्यंत पुरलेली मातीची भट्टी होती, तिला तोनिर म्हणतात. आपल्या तंदूरचीच बहीण. एक बाई भट्टीच्या काठाशी बसून हातावर पोळी ताणत होती, ताणत ताणत चादरीएवढी करून उशीवर पसरत होती आणि कमरेतून वाकून, जवळजवळ खांद्यापर्यंत आत जाऊन, भट्टीच्या भिंतीवर थापत होती. लवाश. नाशिकच्या काकू म्हणाल्या, "मांडे!" आणि पुढची पंधरा मिनिटं त्या बाईला खुणांनी खापर समजावत राहिल्या. मी मात्र त्या बाईचं वाकणं बघत होतो. जमिनीतल्या अंधाऱ्या तोंडात भाकरी घेऊन वाकलेली बाई. टीचर माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "हिचंही नाव कुणी विचारलं नसेल," त्या म्हणाल्या आणि जाऊन विचारून आल्या.

शेवटच्या दिवशी मी टूर मॅनेजरला विचारलं, विमान रात्रीचं आहे, खोर विराप चाळीस किलोमीटरवर, टॅक्सीने जाऊन येऊ का. तो म्हणाला, "काका, ग्रुप सोडून नका जाऊ, माझी जबाबदारी आहे." त्याचंही बरोबर होतं. दुपार बाजारात गेली. बायकोने वाळवलेले जर्दाळू घेतले, मी काहीच घेतलं नाही. विमानतळावर टीचरना म्हटलं, "तुम्ही खाली गेलात तेव्हा काय वाटलं ते नीट सांगितलंच नाहीत." त्या म्हणाल्या, "काय वाटणार? खाली उभं राहिलं की वर ते एवढंसं भोक दिसतं. त्यातून आमच्या ह्यांचं डोकं दिसत होतं. तेवढ्यानेसुद्धा बरं वाटलं हो."

तुम्ही कधी गेलात तर सकाळी लवकर जा, दहानंतर बसेस येतात. पाठीवरची पिशवी वर कुणाकडे तरी द्या, चपला नकोत, बूट घाला, आणि शिडीकडे तोंड करून उतरा. खाली हवा कोंदट असते. प्रार्थनाघरात शिरल्यावर दाराजवळ एक भोक दिसेल, तिथे रांग कमी असेल. ते सोडा. वेदीपर्यंत जा आणि उजवीकडे वळा.